बॉयलरघरातली बंगलागाडी

दौलत घाडी सोळा वर्षं मिलच्या बॉयलरवर होता. डिलाईल रोडच्या चाळीत त्याला दौलत म्हणून थोडे आणि बॉयलरवाला म्हणून सगळे ओळखत. मालवणकडचा माणूस, बोलायला कमी, पण नाक भारी तिखट. जिन्याखाली उंदीर मेला की तो सगळ्यात आधी दौलतला कळायचा. कामाची घाण मात्र त्याला कधी घाण वाटली नाही. काजळी, राख, तेल, घाम हे सगळं तो मोरीत धुऊन टाकी आणि मालनने वाढलेल्या ताटावर निवांत बसे. त्याला किळस यायची ती हयगयीची. चांगलं लोखंड कोणी ओलं टाकून दिलं, नळाचा वायसर गळत ठेवला, तेल घालायचं विसरला, की दौलतचं तोंड असं व्हायचं की जणू कोणी त्याच्या पानात थुंकलं.

ब्याऐंशी सालच्या जानेवारीत संपाची हाक आली तेव्हा तो आदल्या दिवशी इंजिनियरच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, उद्यापासून आग बंद. संप लांबला तर दोन्ही बॉयलर रिकामे करून, आतून कोरडे करून, ओल शोषायला कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून झाकणं लावायला पाहिजेत. नाहीतर काठोकाठ भरा आणि औषध घाला. अर्धवट पाणी ठेवू नका, पत्रा सडेल."

इंजिनियरने मान वर केली नाही. "आठ दिवसांचा खेळ आहे, घाडी. परत भरायला, तापवायला दोन दिवस जातील. राहू दे तसंच."

दौलत बाहेर आला तर गेटवर लहू उभा. लहू साचेखात्यात, मागावर होता. दोघे एकाच गाळ्यात राहिलेले, एका ताटात जेवलेले. दौलतने त्याला सांगितलं की मला फक्त अर्धा दिवस लागेल, मी आणि दोन फायरमन मिळून आवरून टाकतो.

"कोणासाठी?" लहू म्हणाला. "शेठचं भांडं शेठ घासेल. बाहेर पडायचं तर नीट बाहेर पड. उद्या कोणी बघितलं तर म्हणतील, घाडी आत राबतोय."

दौलतला ते पटलं. म्हणजे पटलं असं तो धरून चालला. त्याने आग विझवली, हात धुतले आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडला. दोन्ही बॉयलरांत अर्धं अर्धं पाणी तसंच राहिलं.

आठ दिवसांचा खेळ किती चालला ते गिरणगावात कोणाला सांगायला नको. मालनची खानावळ होती, गावाकडचे अठरा जण तिच्याकडे जेवायचे. पावसापर्यंत सोळा गावाला गेले. उरले ते दोघे ताटावर बसताना खाली मान घालायला लागले, म्हणून मालनने स्वतःच त्यांना सांगितलं, "तुम्ही आपल्या घराक जावा." मोठे टोप तिने माळ्यावर पालथे घातले. दौलत भायखळ्याला एका बेकरीच्या भट्टीवर लागला. लहूने त्याच भागात भाजीबाजारात पाट्या उचलल्या. दुपारी कधी गाठ पडली तर दोघे एक चहा दोघांत घेत आणि मिलबद्दल अवाक्षर काढत नसत.

पुढल्या वर्षाच्या अखेरीस मिल अर्धीमुर्धी उघडायचं ठरलं. बॉयलरवाला लागणार म्हणून दौलतला निरोप आला. लहूचं नाव यादीत नव्हतं.

बॉयलरच्या मॅनहोलचं झाकण जागच्या जागी गंजून बसलं होतं. दौलत आणि एक फिटर दोन तास त्याच्याशी झगडले. झाकण सुटलं आणि आतला वास बाहेर आला. तो वास दौलतला शेवटपर्यंत आठवत होता. कुजक्या अंड्याचा, साचलेल्या डबक्याचा, आणि त्यात लोखंडाची ती जिभेवर येणारी आंबट चव. त्याने बॅटरी आत मारली. पाणी जिथवर होतं तिथे पत्र्याला फोडांसारखे पापुद्रे धरले होते. बोट लावलं तर पापुद्रा भाकरीच्या पोपड्यासारखा निघून हातात आला. खाली तांबडा चिखल, आणि त्या चिखलात कुठल्यातरी उघड्या पाइपातून शिरलेल्या, फुगून फुटलेल्या दोन घुशी. सोळा वर्षं त्याने हे भांडं आतून पुसलं होतं. दर वर्षी बॉयलर इन्स्पेक्टर आत शिरायचा आणि पांढरा रुमाल फिरवून हसायचा.

दौलत भिंतीशी जाऊन ओकला. फिटर म्हणाला, "घुशींच्या वासाने होतं असं." दौलतने नाही म्हणून मान हलवली. त्याला स्वतःचाच वीट आला होता. अर्धा दिवस लागला असता, फक्त अर्धा दिवस.

दोन्ही बॉयलर बाद झाले. कुठून तरी एक छोटा, जुना बॉयलर आणून मिल चार वर्षं खुरडत चालली आणि अठ्ठ्याऐंशी साली गेटाला कुलूप लागलं. मोठे बॉयलर गॅसने कापून भंगारात गेले. कंपाऊंडमधल्या शेड गोदामांना द्यायला सुरुवात झाली. कुठला पाइप कुठे जातो, कुठलं गटार कुठे उघडतं हे माहीत असलेला एकच माणूस उरला होता, म्हणून दौलतला राखणीला ठेवून घेतलं. लहूने त्याच्याशी बोलणं सोडलं. एकदा चाळीच्या जिन्यावर समोरासमोर आले तेव्हा एवढंच म्हणाला, "कुलपाला पण माणूस लागतोच म्हणा." दौलतने बाजूला होऊन त्याला वाट दिली.

त्र्याण्णव साली, पावसाच्या आधी, ती गाडी आली.

ट्रकएवढी लांब, पांढरीशुभ्र, काळ्या काचांची. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं. परदेशात शिकून आलेल्या धाकट्या शेठनी ती तिकडून बोटीने मागवली होती. वर्षातून एकदा थंड मुलखात न्यायची, बाकी वेळ झाकून ठेवायची. कंपाऊंडमधल्या हमालांनी तिचं नाव बंगलागाडी ठेवलं. ठेवायला जागा हवी होती कोरडी, उंच दाराची, म्हणून बॉयलर काढून रिकामं झालेलं बॉयलरघर निवडलं. जिथे दौलतचा पहिला बॉयलर बसलेला होता, बरोबर त्या विटांच्या चौथऱ्यांमध्ये तिची चाकं आली.

धाकटे शेठ स्वतः दौलतला आत घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. चप्पल काढू नका म्हणाला, काका म्हणाला. पलंगाची फळी उचलून त्याने खालचा डबा दाखवला. हा डिझेल जाळतो. त्याने पाणी तापतं. नुसतं पाणी नाही, त्यात थंडीत गोठू नये आणि आतून गंज धरू नये म्हणून गुलाबी औषध मिसळलेलं आहे. छोटा पंप ते पाणी जमिनीखालून, भिंतीकडेने सगळ्या गाडीत फिरवतो. बाहेर बर्फ असला तरी आत उबदार.

"आणि हा दांडा?" न्हाणीघरातल्या चकचकीत आडव्या नळ्यांकडे बघून दौलतने विचारलं.

"टॉवेल गरम ठेवायला."

दौलतने त्या दांड्यावरून नजर काढून घेतली. मे महिना होता. वरच्या पत्र्याखाली उभ्या उभ्या घाम निथळत होता.

"आता महत्त्वाचं," धाकटे शेठ म्हणाले. "गाडी उभी असली तरी हे असंच टाकून द्यायचं नाही. प्यायच्या पाण्याची टाकी रिकामी करायची, पण हे गुलाबी पाणी काढायचं नाही. महिन्यातून एकदा वीस मिनिटं पेटवायचं, सगळ्या नळ्या गरम होईपर्यंत. नाहीतर पंप चिकटून बसतो, डिझेलचा चिकटा होतो. डिझेल ताजं पाहिजे, बॅटरी भरलेली पाहिजे. आणि धूर बाहेर काढायचा, बंद जागेत त्याने माणूस मरतो. मशीन असं सोडून देता येत नाही, काका. सोडलं की सडतं."

दौलतच्या तोंडात तीच आंबट चव आली. हा मुलगा तेव्हा तिकडे शिकत होता, त्याला काय माहीत, असं त्याने मनाला सांगितलं. पण मन ऐकेना. या जागेवर उभं राहून, याच शेठच्या घरातला माणूस आपल्याला सांगतो की सोडलं की सडतं. आणि बरोबर सांगतो.

"करतो," दौलत म्हणाला.

त्याने केलंही, आणि असं केलं की बघणाऱ्याने बघत राहावं. धुराच्या नळीला लवचिक लोखंडी पाइप जोडून त्याने तो जुन्या वाफेच्या लाइनच्या भोकातून भिंतीपलीकडे काढला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी तो आत शिरायचा, बटण दाबायचा, डब्यातली आग धरेपर्यंत कान लावून बसायचा. मग बनियनवर गाडीभर फिरून एकेक सांधा बोटाने चाचपायचा. कुठे ओल नाही ना, कुठली पट्टी सैल नाही ना, नळीत हवा अडकून गुडगुडत नाही ना. बाहेर आधीच भट्टी, आत आणखी भट्टी. घामाने बनियन पिळून निघायचं. आणि या सगळ्यात त्याचे हात खूश असायचे. तापत जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून हातांना बरं वाटायचं. त्याला त्या हातांची शिसारी यायची. पाच हजार माणसं ज्या वाफेवर जगली ती गेली तेव्हा हे हात धुऊन मोकळे झाले होते, आणि आता टॉवेलचा दांडा बरोबर तापला की यांना समाधान होतंय.

घरी आला की मालन दारातच थांबवायची. "आदी आंगोळ करा. डिझेलचो वास येता." तो मोरीत बसून घासघास घासायचा. एकदा तिने विचारलं, "असा काय करतास तरी काय त्या गाडयेत?"

"तापवतो."

"कोणासाठी?"

"कोणासाठी नाही. बंद पडू नये म्हणून."

त्या दिवशी मालनने त्याच्या ताटात भात जरा आदळूनच वाढला.

दुसऱ्या पावसाळ्यात खोडा पडला. कंपाऊंडचा मॅनेजर रामदास हा शेठच्या समोर लवणारा आणि पाठीमागे जांभया देणारा माणूस. त्याने बॉयलरघराची वीज तोडून गोदामाला दिली, त्यामुळे बॅटरी भरायचं थांबलं. ताजं डिझेल मागितलं तर म्हणाला, "आहे त्यात भागवा, कोण बघायला येतंय." दौलतने तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगणं सोडून दिलं. जून ते ऑक्टोबर गाडी तशीच उभी राहिली. पत्र्यावर पाणी वाजायचं, आणि खाली टाकीत डिझेल आंबत पडलेलं. दौलत बॉयलरघराच्या दारावरून जाताना मान फिरवायचा.

दिवाळीनंतर रामदास सकाळी धावतपळत आला. "धाकटे शेठ पंधरा तारखेला मनालीला निघतायत. मशीन आज चालू करून दाखवा. बॅटरी मी आणवली आहे."

"आधी जुनं डिझेल काढायला हवं. पाच महिन्यांचं आहे. धूर करेल."

"करू दे. धुराने काय होतंय. मला अकरा वाजता फोनवर सांगायचं आहे की चालू आहे म्हणून."

दौलतने रामदासच्या तोंडाकडे पाहिलं. पानाने लाल झालेले ओठ, कोपऱ्यात चुना. त्याला एकाएकी इतका कंटाळा आला की वाद घालायलाही जीभ उचलेना. त्याने बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. पहिल्यांदा डबा नुसता खाकरला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आत कुठेतरी भडका झाला आणि भिंतीपलीकडे पांढराफटक, दाट धूर निघायला लागला. लोटावर लोट. वारा पडलेला, त्यामुळे तो सरळ वर चढला, चिमणीच्या अंगालगत.

दौलत आत पंपाचं गुडगुडणं ऐकत वाकलेला होता. बाहेर काय दिसतंय याची त्याला कल्पना नव्हती.

पलीकडच्या चाळीच्या गॅलऱ्यांतून मिलची फक्त चिमणी आणि बॉयलरघराचं छप्पर दिसतं. कोणीतरी धूर पाहिला. कोणी पाहिला ते पुढे कधी कळलं नाही. पण पंधरा मिनिटांत बातमी डिलाईल रोडच्या दोन्ही अंगांना पोचली होती की मिलचा बॉयलर पेटला.

गेटवरचा आवाज ऐकून दौलत फडक्याला हात पुसत बाहेर आला. साठ-सत्तर माणसं होती. बहुतेक सगळी ओळखीची, आणि सगळी म्हातारी झालेली. काही जणांनी घाईघाईने इस्त्रीचे शर्ट घातले होते. वाइंडिंगखात्यातल्या आनंदीबाई सर्वांत पुढे. गेटाच्या सळ्यांमधून त्यांनी काहीतरी आत धरलं होतं. दौलत जवळ गेला तेव्हा त्याला दिसलं, तो त्यांचा मिलचा पास होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला.

"दौलत, पहिल्या पाळीला बोलावतील ना रे?" त्या म्हणाल्या. "माझे डोळे अजून चांगले आहेत. धागा दिसतो."

त्यांच्या मागे लहू उभा होता. त्याने दाढी केली होती आणि गालावर साबणाचा फेस तसाच सुकला होता.

रामदास दौलतच्या कानाशी आला. "सांगा कचरा जाळला म्हणून. सांगा आणि घालवा यांना."

दौलतने रामदासचा हात दंडावरून काढला, खिशातली किल्ली काढली आणि छोटा दरवाजा उघडला. "सगळे नको," तो म्हणाला. "आनंदीबाई, लहू, तुम्ही दोघं या. बघा आणि बाहेरच्यांना सांगा."

तो त्यांना बॉयलरघरात घेऊन गेला. रामदास मागून काहीतरी बडबडत होता, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. दारात आल्यावर आनंदीबाई थबकल्या. बॉयलर कुठे आहे ते त्या शोधत होत्या. त्यांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाहिलं, मग पांढऱ्या गाडीकडे, मग परत रिकाम्या भिंतींकडे.

"कधी काढले?"

"झाली पाच वर्षं."

"मग धूर?"

दौलतने गाडीचं दार उघडून त्यांना हात देऊन आत चढवलं. लहू मागून चढला. आत ऊब होती, बंद खोलीत आजारी माणसाभोवती असते तशी. आनंदीबाईंनी पलंगावरची पांघरुणं पाहिली, बेसिन पाहिलं, आणि तोल जाऊ नये म्हणून न्हाणीघरातल्या नळीला हात लावला. चटकन मागे घेतला.

"तापलंय. हे कशाला?"

खोटं सांगायचा मोह दौलतला झाला. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"टॉवेल गरम करायला," तो म्हणाला.

आनंदीबाईंनी तो हात पदराला पुसला. एकदा पुसला, मग पुन्हा, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, मासळी निवडून झाल्यावर पुसतात तसा. मग खाली उतरल्या.

लहू आतच उभा होता. "हे तू बघतोस?"

"दीड वर्ष झालं. महिन्यातून एकदा."

"एकदम तयार ठेवलंयस."

"हो."

लहूने पलंगाखालच्या डब्याकडे, नीट बांधलेल्या नळ्यांकडे, फडक्याने पुसलेल्या सांध्यांकडे पाहिलं. त्याला मशीन कळत होतं. चांगलं काम आणि वाईट काम त्याला न सांगता दिसायचं.

"त्या दिवशी मीच तुला अडवलं," तो म्हणाला. "अर्धा दिवस म्हणत होतास."

"मी अडलो," दौलत म्हणाला. "तू नुसतं बोललास."

लहू खाली उतरला. दाराशी जाऊन त्याने घसा खाकरला, पण थुंकला नाही. ज्या जमिनीवर थुंकायचं ती बॉयलरघराची होती म्हणून असेल. गेटाबाहेर दोघांनी काय सांगितलं ते दौलतला ऐकू आलं नाही. आरडाओरडा झाला नाही, दगड पडला नाही. गर्दी आली तशी विरघळली. इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं एकमेकांकडे न बघता पांगली, जणू काही कोणी त्यांना नको त्या जागी पाहिलं होतं. त्याची दौलतला सगळ्यात जास्त घाण वाटली. शरम ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटली नाही, ती या लोकांना वाटली.

रामदास म्हणाला, "झालं ना समाधान? आता वरती कळलं तर तुमचं तुम्ही बघा. मशीन बंद का केलं?"

मशीन बंद केलं नव्हतं. आतल्या नळ्यांत हवा अडकून पंप कोरडा गुरगुरत होता, तसाच ठेवला तर अर्ध्या तासात जळाला असता. सोडून द्यावं, जळू दे, असं दौलतला मनापासून वाटलं. आणि तरी तो आत गेला. एकेका नळीचा हवेचा स्क्रू सैल करून त्याने हवा काढली, गुलाबी पाण्याचा थेंब दिसला की आवळला. आंबलेलं डिझेल पिपात काढलं, रामदासलाच पेट्रोलपंपावर पाठवून ताजं आणवलं. मशीन पुरी वीस मिनिटं चालवलं. धूर निवळला. शेवटच्या नळीपर्यंत ऊब पोचल्याची त्याने हाताने खात्री केली. मग नळाखाली हात धुतले, कंपाऊंडच्या किल्ल्यांचा जुडगा रामदासच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"उद्यापासून येत नाही."

"पंधरा तारखेला शेठ येतायत, घाडी. आत्ता कुठला माणूस शोधू?"

"कोणीही शोधा. एवढंच सांगा त्याला, गुलाबी पाणी काढू नको."

घरी आल्यावर त्याने मालनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "बरा केलात," म्हणाली. "मगाशी आनंदीबाई येवन गेली. कायएक बोलूक नाय. पाणी मागल्यान, पिली आणि गेली."

परळला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात छोटा बॉयलर होता. चार महिन्यांनी दौलत तिथे लागला. रक्ताने, पुवाने माखलेल्या चादरी गाड्यांतून यायच्या, नवी माणसं नाकाला रुमाल लावून आठवड्याभरात पळून जायची. दौलतला त्या चादरींचं काहीच वाटलं नाही. वाफ सोडली की घाण निघायची आणि संध्याकाळी कोणीतरी खरंच त्या चादरीवर झोपायचं.

तिथे लागल्यावर काही दिवसांनी कंपाऊंडचा जुना वॉचमन गणपत त्याला रस्त्यात भेटला आणि हसत हसत सांगायला लागला. रामदासने गॅरेजवाला आणला, त्याने टाकीतलं रंगीत पाणी जुनं झालं म्हणून सगळं गटारात सोडलं आणि नळाचं भरून दिलं. मनालीला दुसऱ्याच दिवशी ते नळ्यांत गोठलं. नळ्या फुटल्या, पलंग, गालिचे सगळे भिजले, शेठचे पाहुणे हॉटेलात. आणि इकडे गटाराशी सांडलेलं ते चवीला गोड पण विषारी पाणी चाटून कंपाऊंडमधली तीन कुत्री मेली. "रामदासला हाकलला, माहीत आहे? मजा आली की नाही?"

दौलतला मजा आली नाही. त्याला ती तीन कुत्री माहीत होती, त्यांतली एक बॉयलरघराच्या पायरीवर झोपायची. त्याने गणपतला मध्येच थांबवलं, कामाला उशीर होतोय म्हणाला आणि चालायला लागला.

लहू पुन्हा बोलायला लागला तो त्या गेटच्या दिवसानंतरच. आधी जिन्यावर नुसती मान, मग एखादा शब्द, मग रविवारी गॅलरीत येऊन बसणं. मालन दोघांना चहा द्यायची, आता दोन वेगळे कप. गाडीचा विषय दोघांपैकी कोणी काढला नाही. लहू बाजाराच्या गोष्टी सांगायचा, कोणत्या व्यापाऱ्याने सडका माल वर चांगला लावून विकला, त्याची. दौलत तोंड वाकडं करून ऐकायचा आणि म्हणायचा, "अशा माणसाच्या हातचं पाणी पिऊ नये." लहू म्हणायचा, "मग कोणाच्या हातचं प्यायचं ते सांग." त्यावर दौलत बराच वेळ विचार करायचा, आणि तोवर चहा निवून जायचा.